सव्वा इंच माया

माझा उजवा पाय आजतागायत माझं ऐकत नाही. खुर्चीत बसले आणि समोर टेबल आलं की तो आपला टाच-चवडा, टाच-चवडा सुरू. बँकेत तेच, डॉक्टरकडे तेच. लेकीच्या साखरपुड्यात व्याह्यांच्या समोर बसले होते, तिथेही टेबलावरचे पाण्याचे ग्लास थरथरायला लागले आणि नवऱ्याने खालून चिमटा काढला. आता अठरा वर्षं ज्या पायाने शिवणाचं मशीन हाकलं त्याला वळण कसं लावायचं, तुम्हीच सांगा!

बदलापूरच्या एका मराठी शाळेत मी शिवणबाई होते. मला माझं नाव होतं, पण शाळेत कुणी ते वापरल्याचं आठवत नाही. पगारपत्रकावरसुद्धा एकदा कुणीतरी पेन्सिलीने ‘शिवणबाई’ लिहून ठेवलं होतं. वर्गात सहा मशिनं, एक लांबलचक टेबल, दोन कात्र्या आणि आठवीच्या मुली. झबलं, टोपडं, उशीचा अभ्रा असा आमचा संसार बरा चालला होता.

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा एका दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. म्हणाले, “बाई, बसा.”

ते कुणाला ‘बसा’ म्हणाले की समजायचं, काहीतरी वाईट आहे. मी बसले. पाय सुरू.

“शिवणाचे तास कमी झालेत. पुढच्या जूनपासून तुम्ही सरप्लस.”

सरप्लस म्हणजे जास्तीचा शिक्षक. त्याला नोकरीवरून काढत नाहीत, जिथे कमी असेल तिथे पाठवतात. माझ्यासाठी जागा निघाली होती ती मुरबाडच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याला. एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर. रोज जाऊन येणं अशक्यच, तिथे खोली घेऊन राहायचं आणि रविवारी घरी यायचं. नवरा अंबरनाथला फॅक्टरीत, तीन पाळ्यांत. लेक पाचवीत. पहिला विचार काय आला माहितीये? पोरीची वेणी कोण घालणार! नवऱ्याने एकदा घातली होती, तर ती दिवसभर मान एका बाजूला करून शाळेत बसली होती.

“दुसरा काही मार्ग, सर?”

“आहे की,” ते म्हणाले. “संस्थेने चार कॉम्प्युटर घेतलेत. आठवीला संगणक परिचय म्हणून विषय सुरू करायचाय. शिकवायला कुणी नाही.”

विज्ञानाच्या सरांना विचारून झालं होतं. त्यांना शॉक लागेल अशी भीती. विज्ञानाच्या सरांना! गणिताचे सर म्हणाले होते, माझी दोन वर्षं राहिलीत, मला सुखाने रिटायर होऊ द्या.

“तुम्हाला मशीनची सवय आहे, बाई,” मुख्याध्यापक म्हणाले.

“सर, शिवणाच्या मशीनला पायडल असतं.”

“यालाही असेलच काहीतरी.”

अट अशी होती की वर्ष संपताना जिल्ह्यावरून एक अधिकारी येणार, माझा वर्ग बघणार आणि अहवालात दोनातला एक शब्द लिहिणार: पात्र किंवा अपात्र. पात्र असेल तर बदलापूर, अपात्र असेल तर डोंगराचा पायथा. मी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो पाळी सांभाळून रोज पोरीला पुढ्यात बसवून वेणी घालायचा सराव करायला लागला. माझ्यावर इतका विश्वास! अस्सा राग आला मला.

शिकायला मला उल्हासनगरला धाडलं, कॅम्प पाचमध्ये. खाली जीन्स शिवायचा कारखाना आणि वर पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास. क्लास चालवणारे सिंधी सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण बोलणं असं की पन्नाशी उलटलेली. पहिल्या दिवशी म्हणाले, “डरो मत मॅडम. ये काटता नहीं.”

मी घाबरले नव्हतेच. माझी अडचण वेगळी होती. खाली कारखान्यात वीस-पंचवीस मशिनं एकदम धडधडायची आणि वरची जमीन हलायची. तो आवाज कानावर पडला की माझा पाय थांबेल होय? इकडे मी एक-एक अक्षर शोधून अर्ज टाइप करतेय, टेबलाखाली पाय फुल स्पीडमध्ये. आणि टेबलाखाली असायचा विजेच्या बटणांचा लांबडा बोर्ड, कॉम्प्युटरला वीज त्यातूनच यायची. टाच-चवडा, टाच-चवडा, टक! पडदा काळा. अर्ज गायब.

“मॅडम, पैर किधर है आपका?”

“इधर ही है।”

“इधर किधर? सेव किया था? सेव करो, सेव!”

मला वाटलं, भुकेची वेळ झालीय, डब्यातलं मागतायत. म्हटलं, “शेव नहीं है सर, आज पोहे लाए हैं।” वर्गातली सगळी पोरं टेबलावर डोकं ठेवून हसली. सिंधी सरांनी कपाळावर हात मारला, आणि पोहे मात्र खाल्ले.

खाता खाता त्यांनी समजावलं. “देखो मॅडम, अभी जो लिखा ना, वो हवा में है. बत्ती गई, सब गया. सेव किया तो पक्का.”

“म्हणजे धावदोरा!” मी ओरडलेच.

शिवणातला अगदी पहिला धडा तो. दोन कापडं जुळवून हाताने लांब-लांब टाके घालायचे, तो धावदोरा. दिसतं शिवल्यासारखं, पण टोक धरून ओढलं की सगळं हातात. त्यावरून मशीन फिरवलं की ती पक्की शिलाई. अहो, मग अवघड ते काय होतं? त्या एका वाक्यानंतर ते यंत्र माझ्यासमोर असं उलगडत गेलं की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. चुकीचं मागे घ्यायचं, म्हणजे उसवायचं. एकीकडचं कापून दुसरीकडे चिकटवायचं, म्हणजे ठिगळ. पान कसं दिसेल ते आधी ठरवायचं, म्हणजे बेतायचं. तीन महिन्यांत मी सर्टिफिकेट घेऊन आले. पाय तेवढा तसाच राहिला.

शाळेत आमच्या शिवणाच्या खोलीतच कॉम्प्युटर मांडले. सहापैकी चार मशिनं भिंतीला लावली आणि त्यांच्या जागी हे चार. धूळ बसू नये म्हणून मी चारींना फुलाफुलांचे अभ्रे शिवले, खाली झालर लावली. मुख्याध्यापक बघून म्हणाले, “बाई, हे कॉम्प्युटर आहेत की नवऱ्या मुली?” म्हटलं, असू दे, छान दिसतायत.

मुलींना मी आधी शहाण्यासारखे इंग्रजी शब्द दिले. फळ्यावर लिहिले, वहीत उतरवून घेतले. पुढच्या आठवड्यात विचारलं तर सगळ्या माना खाली. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, “अगं बयांनो, शिवण येतं ना? मग हेही येतं!” आणि सरळ धावदोऱ्यापासून सुरुवात केली. त्या तासाला पहिल्यांदा वर्गात कुणी जांभई दिली नाही.

सगळ्यांत जास्त चालला तो शब्द माया. कापड बेतताना शिलाईच्या बाहेर थोडं जास्तीचं ठेवतात ना, त्याला माया म्हणतात. माया सोडलेली असली की पोर अंगाने भरलं तरी झबलं उसवून सैल करता येतं. काही बायका कापड वाचवायला माया न सोडता कापतात, त्यांना मी कधी माफ केलेलं नाही. तर पानाला चारी बाजूंनी जी कोरी जागा ठेवायची तिला आम्ही माया म्हणायला लागलो. “बाई, वर किती माया?” “एक इंच.” “बाई, डावीकडे?” “डावीकडे सव्वा, विसरू नकोस!”

डावीकडे सव्वा का, तर आमचा प्रिंटर. त्याचा कागद लांबच्या लांब, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या. छापून झालं की त्या पट्ट्या फाडून टाकायच्या. आणि आमच्या प्रिंटरला डावीकडे सरकायची खोड होती. माया कमी पडली की ओळीचं पहिलं अक्षर पट्टीवर छापलं जायचं आणि पट्टीबरोबर जायचं.

प्रिंटरचा सगळा कारभार शेजारच्या चामटोली गावच्या एका मुलीने स्वतःहून ताब्यात घेतला होता. पहिल्या बाकावर बसायची आणि तोंडाला खळ म्हणून नसायचा. मी वाक्य सुरू करावं आणि तिने संपवावं. “गप बस गं जरा,” हे मी तिला दिवसातून वीस वेळा म्हणत असेन. पण कागदाच्या पट्ट्या अशा सुरेख फाडायची की कड बोटाला लागायची नाही.

मार्च उजाडला आणि साहेब आले. सफारी, खिशाला दोन पेनं. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की त्यांनी स्वतः कॉम्प्युटरचा कोर्स केलाय आणि ते मराठी टायपिंगसुद्धा करतात. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ज्याला काही येत नाही असा माणूस धाडतील, या आशेवर मी होते.

“सांगा बरं, अनडू म्हणजे काय?” साहेबांनी विचारलं.

“उसवणं, सर!” अख्खा वर्ग.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “पेस्ट?”

“ठिगळ!”

“सेव्ह?”

“पक्की शिलाई!”

मुलींचे चेहरे फुललेले. प्रत्येक उत्तर येतंय, मग काय! मागे मुख्याध्यापक खोकायला लागले होते. साहेब आता नुसते मुलींकडे बघत होते. “मार्जिन?”

मग चामटोलीवाली उभी राहिली. “माया, सर. डावीकडं सव्वा इंच.”

“बाई,” साहेब माझ्याकडे वळले, “हा संगणकाचा वर्ग आहे की शिवणाचा?”

“दोन्हीचा,” मी म्हटलं. मग जीभ चावली. पण तोवर निघून गेलं होतं.

तरी मी म्हटलं, साहेब, मुलींना करून दाखवू दे. त्यांनी करून दाखवलं. पत्र टाइप केलं, चुकलं ते उसवलं, ठिगळं लावली, छापून हातात दिलं. एकही चूक नाही. साहेब “हं” म्हणाले. त्या “हं”चा अर्थ काय, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग ते म्हणाले, “अहवाल इथेच टाइप करतो,” आणि ऐटीत खुर्चीत बसले. मी बाजूला स्टूल ओढून टेबलाशी बसले. टाइप करताना त्यांची बोटं भराभर चालली होती, आणि मी हळूच वाचत होते. सदर शिक्षिका मेहनती असून त्यांना विषयाची आवड आहे. इथपर्यंत मी जवळजवळ हसले. तथापि. हा ‘तथापि’ दिसला की समजायचं. तथापि त्या संगणकाची योग्य परिभाषा वापरत नसल्याने सदर विषय शिकविण्यास अपात्र आहेत.

अपात्र. मी तो शब्द तीनदा वाचला. डोळ्यांसमोर काय आलं, तर डोंगराचा पायथा नाही, एसटी नाही. पोरगी आली, मान एका बाजूला करून बसलेली. मला इतकं भरून आलं आणि इतका संतापही आला, की काय करावं ते कळेना. मी काहीच केलं नाही. पायाने केलं. तो सुटला होता, टाच-चवडा, टाच-चवडा, आणि टेबलाखाली बटणांचा बोर्ड होता.

टक!

देवाशप्पथ सांगते, मी मुद्दाम केलं नाही.

“लाइट गेली का?” साहेब म्हणाले. डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता.

“जुनं वायरिंग, साहेब,” मुख्याध्यापक म्हणाले. मी पाय हाताने धरून ठेवला.

चामटोलीवाली तोवर साहेबांच्या खांद्यापाशी पोचलेली. “सर, पक्की शिलाई मारली व्हती?”

“काय?”

“नाय मारली. मंग गेला धावदोरा.”

पोरी फिसकन हसल्या. साहेबांचे कान लाल झाले. मी डोळे वटारले तशा सगळ्या गप्प. साहेबांनी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि तोच मजकूर पुन्हा टाइप करायला घेतला, आता तणतणत. या वेळी दर ओळीला सेव्ह करत होते. शब्द मात्र तेच. तो शब्दही तोच. मी पुन्हा वाचला, आणि मग खिडकीबाहेर बघत बसले. आता काही राहिलं नव्हतं. मुरबाडला नेण्यासाठी मोठी पिशवी घरात आहे का, याचा मी विचार करत होते.

प्रिंटर किरकिरला. कागद बाहेर आला. चामटोलीवालीने नेहमीच्या सवयीने तो घेतला, डावीकडची पट्टी सर्रकन फाडली, उजवीकडची फाडली, आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला.

साहेबांनी चष्मा लावला. वाचायला लागले आणि थांबले. कागद लांब धरला, जवळ धरला. मी मान उंच करून पाहिलं. ‘सदर शिक्षिका’च्या जागी नुसतं ‘दर शिक्षिका’ होतं. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर पट्टीबरोबर गेलं होतं. आणि शेवटची ओळ नेमकी त्या शब्दाने सुरू होत होती. तिथे आता लिहिलं होतं: पात्र आहेत.

साहेब हातातल्या कागदाकडे बघतायत, मुख्याध्यापक साहेबांकडे बघतायत. आणि आमची भवानी, तिला कुठे कळतंय काय चाललंय! ती आपली प्रिंटरवाली. तिला फक्त कागद बिघडलेला दिसला. अगदी कळवळून म्हणाली, “सर, तुमी माया सोरलीच नाय.”

साहेबांनी वर पाहिलं. चामटोलीकडे ‘ड’चा ‘र’ होतो, हे त्यांना ठाऊक असणार, कारण समजलं त्यांना. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली, डोळे भरले होते.

“किती सोडायला हवी होती?” त्यांनी तिला विचारलं. आवाज बदलला होता.

“सव्वा इंच, सर. जास्त नाय लागत. बाई सांगतात, माया सोरली का मागाहून सैल करता येतं.”

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. टोपण काढलं. कागद टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोक त्या शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला नेलं. एक ‘अ’ लिहायचा होता, बस्स. टोक तिथेच थांबलं, कारण ‘पा’ अगदी कडेला होता आणि त्याच्या अलीकडे कागदच नव्हता. साहेबांनी ते बघितलं. मग पेन हळूच खाली आणलं आणि सही केली.

“चहा सांगा, सर,” ते मुख्याध्यापकांना म्हणाले. जाताना दारात थांबले. “बाई, इंग्रजी शब्दही शिकवत चला.”

“हो, साहेब.”

“आणि त्या वायरिंगचं बघा.” त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

मुली गेल्या. चामटोलीवाली तेवढी हातात पट्ट्या घेऊन उभी. “बाई, ह्या टाकू?” मी तिच्याकडून डावीकडची पट्टी घेतली. भोकांच्या मधून एकाखाली एक सुटी अक्षरं छापलेली होती, आणि सगळ्यात खाली ‘अ’. मी मटकन बाकावर बसले आणि ढसाढसा रडले. ती घाबरली बिचारी. “बाई, म्या काय केलं?” म्हणाली. मी तिला म्हटलं, “गप बस गं जरा,” आणि तिचा हात धरून ठेवला.

घरी आले तेव्हा नवरा पहिल्या पाळीवरून येऊन झोपला होता आणि लेक ओट्यावर अभ्यास करत होती. वर्षभराच्या सरावाने त्याने घातलेली वेणी, अगदी सरळ, घट्ट, शेवटी रिबिनीचं फूल. एक केस बाहेर नाही. मी पर्स खाली ठेवली, तिच्या मागे बसले आणि ती सगळी वेणी सोडली.

“आई! चांगली होती ना! कशाला उसवलीस?”

“गप बस,” मी म्हटलं, आणि कंगवा घेतला.